सकाळची भवानी

पितळेचं पातेलं घ्यायचं असेल तर ते आधी तीन बोटांवर तोलून धरायचं आणि दुसऱ्या हाताने टिचकी मारायची. आवाज स्वच्छ घुमला तर ठीक. बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो. हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलेलं नाही. रविवार पेठेत वसंतशेठचं भांड्यांचं दुकान होतं, तिथे मी सहा वर्षं काउंटरमागे उभी होते, तेव्हा शिकले. उभी होते म्हणजे अक्षरशः उभी. बसायला एक स्टूल होतं, पण त्यावर कुकरच्या शिट्ट्यांचं खोकं असायचं. भांडी दाखवायची, माळ्यावरून काढायची, परत माळ्यावर चढवायची आणि गिऱ्हाइकाने सांगितलं की भांड्यावर नाव घालून द्यायचं. नाव घालायचं यंत्र पेनाएवढंच असतं, पण दिवसभर घर्रर्र करतं. लग्नसराईत मी इतकी नावं घातली आहेत की संध्याकाळी जेवायला बसले तरी माझा हात थरथरत असायचा आणि आमटी वाटीतून ताटात यायची. आई म्हणायची, "त्या वसंतशेठला सांग, आता तुझ्यावरच एक नाव घाल म्हणावं, म्हणजे हरवलीस तर कोणी आणून देईल."

आम्ही तेव्हा कर्वेनगरात राहायचो. दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही. घरात आई, मी आणि मामा. वडील मी शाळेत असतानाच गेले होते. आई ब्लाउज शिवायची. तिचं मशीन खिडकीपाशी होतं आणि सकाळी सहापासून त्याची खडखड सुरू व्हायची. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, शहर बसमधला निवृत्त कंडक्टर. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारलं तर म्हणायचा, "पुढे चला, पुढे चला म्हणण्यात मागे कोण राहिलं ते बघायचं राहून गेलं." निवृत्त होऊनही त्याची सवय गेली नव्हती. स्वयंपाकघराच्या दारात आम्ही दोघी उभ्या दिसलो की तो म्हणायचा, "दरवाजा मोकळा ठेवा." सकाळी फोडणीची पोळी नाहीतर उपीट असायचं. मामा त्यात लिंबू पिळायचा, एक घास खायचा आणि रोज तेच बोलायचा, "आज जमलंय." जणू काल जमलं नव्हतं.

दुकान सोडायचं माझ्या डोक्यात कधी आलं ते नेमकं सांगता येणार नाही. काउंटरमागच्या दोन फरश्यांचा रंग मी उभी राहून राहून घालवला होता आणि एकदा झाडताना ते दिसलं, एवढं आठवतं. इतर सगळ्या फरश्या तांबड्या, या दोन पांढुरक्या. मी सत्तावीस वर्षांची होते. डेक्कनवर संध्याकाळचा एक कोर्स होता, सॉफ्टवेअर टेस्टिंगचा. दुकान सुटलं की मी तिकडे जायचे. घरी सांगितलं तेव्हा मामाने वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"टेस्टिंग म्हणजे काय करायचं?"

"दुसऱ्यांनी बनवलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या."

"फक्त चुका काढायच्या?"

"हो."

"म्हणजे वरपक्षाचं काम. त्याचा पगारही देतात?"

पगार नव्हता, शिकाऊ म्हणून सहा महिने थोडं विद्यावेतन होतं. ते दुकानाच्या पगाराच्या निम्मंही नव्हतं, हे मी घरी जरा उशिराने सांगितलं. सहा महिन्यांनी चार शिकाऊंपैकी ज्यांचं काम बरं वाटेल त्यांना कायम करणार होते. वसंतशेठला सोडतेय म्हणून सांगायला गेले तेव्हा ते काही रागावले नाहीत. म्हणाले, "दिवाळीपर्यंत तुझी जागा भरत नाही. नाही जमलं तर लाजू नकोस, ये. लाजत आलीस तरी चालेल."

कंपनी हिंजवडीत होती. हिंजवडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काचेच्या इमारती येतात. आमचीही इमारत काचेचीच होती, पण आमच्या वाट्याला त्यातला अर्धा मजला होता आणि त्यात पंचवीस माणसं. इमारतीतल्या पाच-सहा छोट्या कंपन्यांनी मिळून एक बस लावली होती. ती वारज्याच्या पुलाखाली मला घ्यायची आणि तिथून पुढे दीड तास आम्ही सगळे एकमेकांच्या खांद्यावर झोपायचो. घरच्या वळणाने मला बसमध्ये कोणी दारात उभं राहिलेलं खपायचं नाही. पहिल्याच आठवड्यात मी एका मुलाला "पुढे सरका" म्हणाले. तो आमच्या वरच्या मजल्यावरच्या कंपनीचा मालक निघाला.

आमची कंपनी टँकर मागवायचं ॲप बनवायची. नळाला पाणी नसलेल्या सोसायट्या पुण्याच्या कडेने किती आहेत, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. सोसायटीचा सेक्रेटरी ॲपवर टँकर मागवणार, किती वाजता हवा ते सांगणार, ती मागणी टँकरच्या ड्रायव्हरच्या फोनवर यादीत जाणार आणि तो त्या यादीप्रमाणे फिरणार. एवढंच. आमची टीमलीड रश्मी नावाची मुलगी होती, माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी, सदाशिव पेठेतली. तिने पहिल्या दिवशी सगळं सात वाक्यांत सांगितलं. "हा गजानन राऊत. हा बनवतो. तू ते मोडून दाखवायचंस. मोडलं नाही तर हिरवं बटन, पास. मोडलं तर लाल बटन, रिओपन, म्हणजे त्याच्याकडे परत. पास केलेलं त्याच दिवशी दुपारी बाराच्या ठोक्याला आपोआप गिऱ्हाइकांच्या फोनवर जातं, तेव्हा विचार करून दाब. मला मॅडम म्हणू नकोस." मी "हो मॅडम" म्हणाले आणि सगळं वहीत लिहून घेतलं. ती वही वसंतशेठच्या दुकानाची जाहिरातीची होती, मुखपृष्ठावर कळशीचं चित्र. बाकीचे तिघे शिकाऊ एकवीस-बावीसचे होते. त्यांनी मला पहिल्याच जेवणाच्या सुट्टीत ताई करून टाकलं. बदल्यात मी त्यांच्या डब्यांची झाकणं फिरवून बघितली आणि कुठलं किती महिने टिकेल ते सांगितलं. दोघांना राग आला, एकीने नवा डबा घेतला.

गजानन वाशिमकडचा होता. कंपनीत येऊन त्याला आठच महिने झाले होते आणि वर्षभर त्याची परीक्षा चालू असणार होती, म्हणजे तोही तसा माझ्याच रांगेत, फक्त दोन पावलं पुढे. वर्ष भरलं की आई-वडिलांना पुण्यात आणायचं त्याने ठरवलं होतं आणि त्यासाठी वाकडला खोलीही बघून ठेवली होती. मी पहिल्यांदा त्याचं काम परत पाठवलं तेव्हा तो उठून माझ्या टेबलापाशी आला. "काऊन परत केलं वं ताई?" मी दाखवलं. "बारीक आहे ना, चालून जाते." मी म्हटलं, चालत नाही. "तुम्ही पुण्यातले लोकं ना बावा," एवढंच म्हणून तो गेला आणि दुरुस्त करून आणलं. महिन्याभरात माझं नाव झालं की हिच्याकडून काही सुटत नाही. खरंच सुटायचं नाही. मी प्रत्येक पडदा पातेल्यासारखा वाजवून बघायचे. चहाच्या वेळी रश्मी कोणाला तरी सांगत होती, "ही ताटातला खडा शोधत नाही, खड्याचं गाव सांगते." घरी जाऊन मी ते तीनदा सांगितलं.

पण एक गोष्ट माझ्याबद्दल कोणालाच ठाऊक नव्हती.

दुकानात सकाळी जी पहिली विक्री होते तिला भवानी म्हणतात. भवानीचं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही. चार रुपये कमी करावे लागले तरी चालतील, पण पहिला माणूस रिकाम्या हाताने पायरी उतरला तर सगळा दिवस तसाच जातो. वसंतशेठ पहिली नोट डोळ्यांना लावायचे आणि मगच गल्ल्यात टाकायचे. सहा वर्षं मी हे पाळलं होतं. तेव्हा हिंजवडीत सकाळी संगणक उघडला, कामांची यादी समोर आली आणि पहिलंच काम सदोष निघालं, की लाल बटनाकडे माझा हात जायचाच नाही. सकाळी सकाळी पहिल्यालाच परत? मग मी काय करायचे, तर यादीतलं सगळ्यात बारकं, सोपं काम शोधायचे. कुठे अक्षराचा आकार बदललाय, कुठे चित्र डावीकडचं उजवीकडे गेलंय. ते झटकन बघून पास करायचे. हिरवं बटन दाबलं की एका हाताने गुपचूप डोळ्यांना स्पर्श करायचे. मग दिवसभर मी कोणाचं काहीही परत पाठवायला मोकळी. माझ्या लेकीला मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, हे तू कोणालाच सांगू नकोस." म्हणून लिहून काढते आहे.

तीन महिने असे गेले. मग एका सोमवारी मी यादी उघडली तर तिच्यात एकच काम. मागवलेल्या टँकरची वेळ नंतर बदलता यावी, अशी सोय गजाननने केली होती. मी खोटी सोसायटी करून सकाळी आठचा टँकर मागवला, मग आठचे दहा केले. पडद्यावर आलं, वेळ बदलली आहे. छान. सवयीने मी ड्रायव्हरची यादी उघडून बघितली. तिच्यात आठचा टँकर नव्हता आणि दहाचाही नव्हता. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. सेक्रेटरीला वाटणार टँकर येतोय, ड्रायव्हरला पत्ताच नाही. बद्द वाजलं. इतकं बद्द, की कोणालाही ऐकू आलं असतं.

मी यादी दोन-तीनदा ताजी करून पाहिली, कुठून दुसरं काही बारीकसारीक येतंय का. नाही. साडेदहाला आम्हा शिकाऊंना कुठल्यातरी प्रशिक्षणाला बोलावलं होतं. दहा वीस झाले होते. मी वहीत लिहिलं, "वेळ बदलली की ड्रायव्हरच्या यादीतून गायब. अकराला येऊन कळवणे." आणि हिरवं बटन दाबलं. मनात हिशेब असा, की आत्ता भवानी होऊ दे, अकरा वाजता परत येऊन चूक नोंदवू. बारा वाजायला पुष्कळ वेळ आहे. दुकानात नाही का आपण म्हणत, घेऊन तर जा, संध्याकाळी बदलून देऊ.

प्रशिक्षण इमारतीला आग लागली तर काय करायचं याचं होतं. ते संपेचना. साडेअकराला मला आठवलं. उठून बाहेर जायला हवं होतं. पण शिकवणारा माणूस नेमका दारात उभा होता आणि सांगत होता की आग लागल्यावर सर्वांत आधी शांत बसा. मी शांत बसले. बाहेर आले तेव्हा बारा वीस झाले होते. मग मी स्वतःला समजावलं, टँकर मागवल्यावर वेळ कोण बदलतंय. उद्या सकाळी बघू.

दुसऱ्या दिवशी मी वारज्याच्या पुलाखालीच होते, तेव्हा फोन वाजायला लागला. रश्मी होती. "पोचलीस की सरळ माझ्या टेबलावर." ऑफिसात सगळे उभे होते. अकरा सोसायट्यांनी रात्रीतून वेळ बदलली होती आणि अकरांच्या टाक्या कोरड्या पडल्या होत्या. तक्रारींचे फोन घ्यायला माणसं कमी पडत होती. रश्मी म्हणाली, "तू दुकानात होतीस ना, तू घे. तुला लोकांशी बोलता येतं." पहिलाच फोन खडकवासल्याच्या रस्त्यावरच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरीचा. निवृत्त गृहस्थ, आवाज अगदी शांत.

"नमस्कार. आपल्या ॲपमध्ये टँकर येऊन गेलेला आहे. अभिनंदन. आता तो ॲपमधून आमच्या टाकीत कसा उतरवायचा, तेवढं आपण सांगाल का?"

"काका, चूक आमची आहे. अर्ध्या तासात दुसरा टँकर पाठवते."

"पाठवा. आमच्या गच्चीवरून धरणाचं पाणी दिसतं. तोवर आम्ही सगळे तिकडे बघत बसतो. लहान मुलं शाळेत बिनआंघोळीची गेली आहेत, हे आपल्या माहितीसाठी. रागाने सांगत नाहीये."

रागाने सांगितलं असतं तर मला सोसलं असतं. दुपारी दोनपर्यंत मी अकरा जणांचं ऐकून घेतलं, अकरा टँकर मिळवले, दोघांना तर फोनवर हसवलंसुद्धा. रश्मी सगळ्यांसमोर म्हणाली, "मनीषा होती म्हणून आज निभावलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुकानातल्या सहा वर्षांत माझ्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, आणि वाजवल्या त्या या कामासाठी.

मग काचेच्या खोलीत चौकशी झाली. रश्मी, गजानन आणि मी. नोंदीप्रमाणे काम सोमवारी दहा वीसला मी पास केलेलं. त्यानंतर अकरा वाजता गजाननने दुसऱ्याच कुठल्या गोष्टीसाठी त्यात हात घातलेला. टेस्टिंग झाल्यावर काही बदलायचं नाही हा नियम त्याने मागेही एकदा मोडला होता आणि तेव्हा त्याला समज मिळाली होती. रश्मीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने त्याला विचारलं, "हिने बघितलं तेव्हा ते चालत होतं. अकराला तू काय केलंस?"

"मी तर फक्त रंग बदलला होता."

"रंग बदलल्याने टँकर गायब होतो?"

गजाननने नोंदींचं पान पुन्हा वर-खाली करून पाहिलं. मग म्हणाला, "मीच काही केलं असंल. मले आठवून नाही राहिलं."

त्याला आठवत नव्हतं, कारण त्याने काही केलंच नव्हतं. मी तिथे होते, माझी वही माझ्या मांडीवर होती, आणि मी काही बोलले नाही. लोक म्हणतात तोंडाला कुलूप बसलं, तसं काही नव्हतं. तोंड चांगलं उघडत होतं. रश्मीने चहा घेणार का विचारलं, तेव्हा मी "घेईन" म्हणाले. पुढच्या सोमवारी वरिष्ठ येणार होते आणि गजाननचं काय करायचं ते तेव्हा ठरणार होतं. मी बोलले तर शिकाऊची जागा जाणार हे उघड होतं. न बोलले तर मला कायम करणार हेही आता जवळजवळ उघड होतं.

मंगळवार, बुधवार असे दोन दिवस मी घरी धड जेवले नाही. आईने तिसऱ्या दिवशी सकाळी मशीन थांबवलं. मशीन थांबलं म्हणजे घरात काहीतरी झालं, असं आम्ही समजायचो. मी दोघांना सगळं सांगितलं. आईने ऐकलं आणि दोरा दाताने तोडत म्हणाली, "वसंतशेठने जागा ठेवलीये ना अजून?" माझा पक्ष घेऊन ती काही बोलेल असं मला वाटलं होतं. मामाने उपिटात लिंबू पिळलं, घास खाल्ला, पण "आज जमलंय" म्हणाला नाही. मी दारापाशी चपला घालत होते तेव्हा मागून त्याचा आवाज आला. "मनी, मी एकदा एकाला बिनतिकिटाचा म्हणून भर पावसात खाली उतरवला होता. तिकीट त्याच्या बायकोकडे होतं आणि ती पुढे बसली होती. बस सुटल्यावर कळलं."

"मग?"

"मग काय. बस पुढे गेली. बाई ओरडत होती."

त्याने पुन्हा वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

त्या संध्याकाळी मी बसमधून मध्येच उतरून रविवार पेठेत गेले. खरं सांगायचं तर माझा बेत असा होता, की शेठकडून जागा पक्की करून घ्यायची आणि कंपनीत न सांगता सवरता जाणं बंद करायचं. मग गजाननचं जे होईल ते माझ्या डोळ्यांआड होईल. वसंतशेठ कळशा पुसत होते. मला बघून ते हसले. "लाजत आलीस की न लाजता?" मी म्हटलं, लाजत. त्यांनी स्टुलावरचं शिट्ट्यांचं खोकं स्वतः उचललं आणि मला बसायला सांगितलं. त्या दुकानात मी पहिल्यांदा बसले. मग त्यांना सगळं सांगितलं. भवानीचं ऐकून ते हसतील असं वाटलं होतं. ते चिडले.

"भवानीला मी फुटकं भांडं दिलेलं कधी बघितलंस?"

"तुम्ही म्हणायचात ना, घेऊन जा, नंतर बदलून देतो."

"ते माप! लहान-मोठं झालं तर! चीर गेलेलं पातेलं मी देईन? अगं, भवानीचं गिऱ्हाईक असलं की मी स्वतः माळ्यावर चढायचो, आठवतं का? गुडघे दुखायचे माझे. तासभर लागला तरी चांगलं सापडेपर्यंत खाली उतरायचो नाही. गिऱ्हाईक परत जाता कामा नये म्हणजे काहीही गळ्यात मारायचं का?"

मला आठवलं. ते माळ्यावर असायचे आणि मी खाली गिऱ्हाइकाला चहा देत असायचे. म्हणजे माझ्या वाट्याला आलेला नियम एवढाच होता, की त्याला जाऊ द्यायचं नाही. वर काय चाललंय ते मी कधी पाहिलं नव्हतं. सहा वर्षांत एवढं साधं कळू नये याचं आज हसू येतं. तेव्हा नाही आलं.

"जागा आहे," शेठ म्हणाले. "पण तिकडचं मिटवून ये. त्या पोराला तसा टांगून इथे काउंटरला उभी राहिलीस तर मला रोज सकाळी तुझं तोंड बघावं लागेल."

शुक्रवारी सकाळी मी काचेच्या खोलीत वही रश्मीपुढे ठेवली, सोमवारचं पान उघडून. गजाननलाही बोलावलं होतं. रश्मीने वाचलं. पुन्हा वाचलं. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग पास का केलंस?"

हे सांगणं सगळ्यात अवघड गेलं. खोटं बोलले, घाबरले, हे सांगता येतं. सत्तावीस वर्षांच्या पदवीधर बाईने टँकरच्या ॲपमध्ये भवानी पाळली, हे सांगताना जीभ जड होते. मी सांगितलं. रश्मी सदाशिव पेठेतली, तिला शब्द समजावून सांगायला लागला नाही. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे गेले तीन महिने रोज सकाळचं पहिलं काम तू..."

"बघायचे. पण वरवर."

"रोज?"

"रविवार सोडून. शनिवारीसुद्धा करायचे."

गजानन माझ्याकडे बघतच नव्हता. मग तो रश्मीला म्हणाला, "आमच्याकडे बोहनी म्हणतात त्याले." आणि उठून बाहेर गेला. मी त्याच्या मागे गेले. तो पाण्याच्या यंत्रापाशी उभा होता. मी माफी मागितली. तो म्हणाला, "तू बोलली म्हणून थँक्यू म्हणू, का चार दिवस गप्प बसली म्हणून शिव्या देऊ, तेच समजून नाही राहिलं. मी चार दिवस तो कोड पाहून राहिलो. माझ्यात काय चुकलं म्हणून. झोप नाही मले." पेला न भरताच तो निघून गेला.

मला काढलं नाही. का नाही, ते मी आजतागायत रश्मीला विचारलेलं नाही, आता ती आमच्या घरी जेवायला येते तरी. सोमवारी वरिष्ठांसमोर तिने काय सांगितलं तेही मला ठाऊक नाही, गजाननवरचा ठपका मात्र निघाला. मला एवढंच सांगण्यात आलं की तीन महिन्यांची सगळी पहिली कामं पुन्हा तपासायची, नेहमीचं काम सांभाळून, आणि सापडलेली प्रत्येक चूक नोंदवायची. त्या नोंदीत एक रकाना असतो, हे आधी कोणी पास केलं होतं. त्यात नाव टाकायचं. सत्तरच्या आसपास कामं होती. चुका सात निघाल्या. मोठी एकही नव्हती, पण सातही वेळा त्या रकान्यात मी माझं पूर्ण नाव लिहिलं. सहा महिने भरले तेव्हा बाकीच्या तिघांना कायम केल्याची पत्रं मिळाली. मला आणखी तीन महिने शिकाऊ म्हणून ठेवल्याचं पत्र मिळालं. घरी मामाने ते वाचलं आणि म्हणाला, "पुढच्या स्टॉपपर्यंत." आईने ते देवापुढे ठेवलं नाही, फ्रीजवर ठेवलं. वसंतशेठना मी फोन करून सांगितलं की जागा भरून टाका. दिवाळीला पंधरा दिवस होते.

या सगळ्या काळात गजानन माझ्याशी कामापुरतंसुद्धा बोलायचा नाही. काम पाठवायचा, मी परत करायचे, तो दुरुस्त करायचा, सगळं पडद्यावरूनच. जेवायला तो वेगळ्या टेबलावर बसायचा. मला ते रास्तच वाटायचं, पण रोज अकरा पावलांवर बसलेल्या माणसाचं न बोलणं चांगलंच ऐकू येतं. आणि मी तरी सुधारले होते का? सांगायला लाज वाटते, पण सकाळी पहिलं काम परत करायची वेळ आली की माझा हात अजून आधी हिरव्या बटनाकडे वळायचा. परत करायचे, पण मग अकरा वाजेपर्यंत काहीतरी वाईट होण्याची वाट बघायचे.

दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरचा पहिला दिवस. बस लवकर पोचली होती, ऑफिसात आम्ही चार-पाच जणच होतो. मी संगणक चालू करत होते तेवढ्यात गजानन टेबलापाशी आला. हातात चिवड्याचा डबा, गावाहून आणलेला. तो त्याने माझ्या टेबलावर ठेवला, पण उघडला नाही.

"रात्री एक काम टाकलं," तो म्हणाला. "पहिलं माझंच घे. अन् नीट पाह्य. वाटलं तर परत कर, पण पाहून कर."

तो जाऊन आपल्या जागेवर बसला, पाठ माझ्याकडे करून. मी काम उघडलं. पैसे भरताना मध्येच फोन आला तर काय होतं, याची सोय होती. एकदा केलं, ठीक. दुसऱ्यांदा केलं, ठीक. मग मी आईला निरोप टाकून माझ्याच फोनवर फोन लावायला सांगितलं आणि ती बोलत असताना पुन्हा करून पाहिलं. आई विचारत होती, "काय झालं गं, डबा विसरलीस का?" आणि पडद्यावर एकाच टँकरचे पैसे दोनदा गेलेले दिसत होते.

मी लाल बटन दाबलं. दुकानाच्या हिशेबाने नव्या वर्षातलं, सुट्टीनंतरचं, त्या दिवसाचं पहिलंच.

गजाननच्या पडद्यावर ते दिसलं असणार. त्याची पाठ जराशी हलली. मग तो खुर्चीवरूनच वळला.

"परत?"

"परत."

"नक्की पाह्यलं?"

"तीनदा."

तो उठला, आपली खुर्ची घरघर ओढत माझ्या टेबलापर्यंत घेऊन आला आणि शेजारी बसला.

"दाखव," म्हणाला.